चेहरा निळा का आहे?

दिवाळीच्या आधी एका छोट्या गटाने डिजिटल चित्रांची ऑनलाइन स्पर्धा घेतली होती. विषय ‘आमच्या घरची दिवाळी’. वय सोळा ते पंचवीस, चित्र ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. परीक्षक तिघं: शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक सर, ॲनिमेशनमध्ये काम करणारा एक तरुण आणि मी. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, जमेल तसं शिकवते. प्रवेशिका साठेक आल्या. या स्पर्धेत एक गोष्ट वेगळी होती आणि तिच्यासाठीच मी हो म्हटलं होतं: नंबर येवो न येवो, प्रत्येकाला लेखी अभिप्राय मिळणार होता. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांच्या हाती निकालात ए, बी नाहीतर सी पडतो. सी का मिळाला, हे कुणी सांगत नाही. इथे कुणीतरी सांगणार होतं, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

त्या साठांपैकी एका अभिप्रायाची ही हकिगत आहे. तो मी लिहिला होता. चित्रकलेची तत्त्वं म्हणून त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी अभिप्राय चुकला. कसा चुकला आणि नंतर काय केलं, हे मुलांच्या चित्रांवर लिहिणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर मांडते आहे. चित्रकर्तीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, नावगाव मात्र देत नाही.

चित्र आणि माझा शेरा

मुलगी सतरा वर्षांची, तालुक्याच्या गावची, बारावीला. चित्रात घराची ओसरी आहे, दिवेलागण होऊन बराच वेळ झालेला. उजवीकडे पायरीवर ओळीने पाच पणत्या, खाली रांगोळीचा अर्धा भाग, मागे उघडं दार. डावीकडे भिंतीला टेकून आजी बसली आहे. जांभळट लुगडं, मान खाली, दोन्ही हात मांडीत. पणत्यांचा तांबूस-पिवळा उजेड खांबावर, पायरीवर आणि भिंतीच्या कडेला पडला आहे. आजीचा चेहरा मात्र निळसर पांढरा. आणि त्याच्यावरचा उजेड खालून आलेला: हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, भुवईच्या हाडाखाली.

मी लिहिलं ते असं होतं:

“संकल्पना चांगली. रचना ठीक. प्रकाशयोजनेचा अभ्यास हवा. पणत्यांचा प्रकाश उबदार असताना चेहरा निळा दाखवल्याने चित्र थंड व उदास वाटते. चेहऱ्यावर पिवळ्या-नारिंगी छटा घ्याव्यात. रेषेत जाड-बारीकपणा नाही. गुण : साडेपाच.”

सगळ्यांचे अभिप्राय निकालासोबतच गेले. तिचा नंबर आला नव्हता. दोन दिवसांनी आयोजकांकडून मला तिचा निरोप आला: “मॅडम, आजीच्या मांडीत फोन आहे. काका दुबईला असतो, तो व्हिडिओ कॉलवर आहे. फोन तुम्हाला दिसला नाही का?”

बास, एवढंच. तक्रारीचा एक शब्द नाही, गुण वाढवून द्या वगैरे काही नाही. सोबत आयोजकांनी कळवलं की तिने ते चित्र स्वतःच्या खात्यावरून काढून टाकलं आहे.

पुन्हा पाहिलं तेव्हा

मी मूळ फाइल लॅपटॉपवर उघडली आणि आजीच्या हातांपर्यंत मोठी करत नेली. फोन होता. दोन्ही हातांच्या ओंजळीत, पडदा आजीकडे, पाठ आपल्याकडे. काळसर जांभळ्या लुगड्याच्या निऱ्यांत काळसर निळा फोन. बोटांच्या आतल्या बाजूंना निळ्या उजेडाची बारीक किनारसुद्धा होती, पण इतकी पुसट की चित्र पूर्ण आकारात पाहिलं तरच कळावी.

मग चेहरा परत पाहिला, आणि तो अचूक होता. उजेड किती पिवळा किंवा निळा आहे हे रंगतापमानाने मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. मेणबत्ती किंवा पणतीच्या ज्योतीच्या प्रकाशाचं रंगतापमान सुमारे १९०० केल्विन असतं. फोनच्या पडद्यावरचा पांढरा साधारण ६५०० केल्विनच्या आसपास असतो. शिवाय पिवळ्या उजेडाला सरावलेल्या डोळ्याला तोच पांढरा आणखी निळा भासतो. अंधाऱ्या ओसरीत, पणत्यांच्या शेजारी, मांडीतल्या फोनकडे बघणाऱ्या बाईचा चेहरा निळाच दिसणार आणि उजेड हनुवटीखालूनच येणार. ‘प्रकाशयोजनेचा अभ्यास हवा’ असं मी जिला लिहिलं होतं, तिने प्रकाशाचा असा अभ्यास केला होता की त्या साठ चित्रांत तसा दुसरा नव्हता.

माझ्याकडून हे सुटलं कसं? एक कारण सरळ आहे: घाई. अभिप्राय तक्त्यात भरायचे होते आणि तक्त्यात चित्राचं छोटं रूप दिसत होतं, तेही चौकोनात कापलेलं. खालची पट्टी त्यात येतच नव्हती. पूर्ण चित्र मी एकदा उघडलं होतं, पण एका रात्रीत वीस-बावीस चित्रं उरकताना.

दुसरं कारण शोधायला वेळ लागला. ‘आमच्या घरची दिवाळी’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र आधीपासूनच उभं होतं: हळदणकरांची ती दिव्यावर तळहाताचा आडोसा धरून उभी असलेली बाई. सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीचे. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्यांचं जलरंगातलं चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, त्यासाठी त्यांची लेक गीता हीच मॉडेल म्हणून उभी राहिली होती, आणि तरीही कितीतरी जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यात बोटांतून गाळून आलेला लालसर उजेड चेहऱ्यावर असा चढला आहे की ज्याने ते एकदा नीट पाहिलं, त्याला दिव्याजवळचा चेहरा दुसऱ्या रंगात पटतच नाही. मी चित्रकलेकडे वळले त्यात त्या चित्राचा वाटा आहे. आणि त्याच चित्राने मला या चित्रासमोर आंधळं केलं. मी त्या मुलीची दिवाळी पाहिलीच नाही. माझ्या मनातली दिवाळी तिला जमली नाही म्हणून गुण कापले.

चूक नेमकी कुठे

सरांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, “अहो, पण फोन दिसत नाही हा दोषच आहे ना? दिसत नाही ते चित्रात नाही.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. घाईने बघणारा परीक्षक असो की रस्त्यातून जाताना बघणारा माणूस, फोन दिसला नाही तर निळ्या चेहऱ्याचा अर्थ लागत नाही. चित्रात खरी अडचण होती.

पण ती मी सांगितलीच नव्हती. मला निळा चेहरा खटकला होता, इथपर्यंत ठीक. त्यानंतर मी थेट औषधावर उडी मारली: ‘चेहऱ्यावर पिवळ्या-नारिंगी छटा घ्याव्यात.’ तिने ते ऐकलं असतं तर काय झालं असतं? चेहरा पिवळा, मांडीत न दिसणारा फोन, आणि एका सुंदर कल्पनेचा पूर्ण शेवट. नुसतं एवढं लिहिलं असतं, की ‘चेहऱ्यावर खालून निळा उजेड दिसतो, तो कशाचा आहे ते मला कळलं नाही’, तर माझ्या बाजूनेही ते खरं ठरलं असतं आणि तिच्या बाजूनेही. मला फोन दिसला नाही, ही बातमी तिला लगेच मिळाली असती. काय दुरुस्त करायचं ते तिने स्वतः शोधलं असतं, कारण तिला काय म्हणायचं होतं हे तिलाच माहीत होतं.

मराठीत शेरा ‘मारतात’ आणि अभिप्राय ‘देतात’. मी मारला होता. ‘संकल्पना चांगली, रचना ठीक’ ही भाषा प्रगतिपुस्तकातली आहे. दहा चित्रांखाली चिकटवली तरी दहाही ठिकाणी चालेल. त्यावरून चित्रकर्त्याला एक गोष्ट मात्र पक्की कळते, की आपलं चित्र कुणी निरखून पाहिलेलं नाही.

‘रेषेत जाड-बारीकपणा नाही’ हे तर आणखी लागलं असणार. ती साध्या मोबाइलवर, बोटाने काढते. बोटाचा दाब पडद्याला कळत नाही, त्यामुळे रेषा एकसारखीच उमटते. दाब ओळखणाऱ्या पेनाने काढणाऱ्या मुलांच्या मापाने मी तिची रेषा मोजली होती. बोटाने काढणाऱ्यांसाठी ब्रशच्या सेटिंगमध्ये रेषेची दोन्ही टोकं आपोआप निमुळती करायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ते एक वाक्य सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तिला उपयोग झाला असता. ती कशावर काढते हे मी विचारलं नव्हतं, आणि अर्जातही तसा रकाना नव्हता.

दुसरा अभिप्राय

आयोजकांना सांगून मी तिला नवा अभिप्राय पाठवला. आधी माफी मागितली, एका ओळीत, सबबी न देता. मग हे लिहिलं:

“चित्र उघडल्यावर माझा डोळा आधी पणत्यांवर गेला, मग दाराकडे, आणि आजीपर्यंत यायला वेळ लागला. आजीच्या चेहऱ्यावर खालून येणारा निळा उजेड दिसला, पण तो कशाचा ते कळलं नाही. फोन मला तुमच्या निरोपानंतरच दिसला. नाकपुड्यांखालचा उजेड ज्या जागी थांबवला आहे त्यावरून वाटतं, तुम्ही कुणाला तरी अंधारात फोन घेऊन बसवून बघितलं असावं. तसं केलं होतं का? आणि एक विचारते: फोन पहिल्या नजरेतच दिसावा असं तुम्हाला वाटतं, की तो उशिरा सापडावा?”

उत्तर त्याच रात्री आलं. “आईला लाइट घालवून बसवलं होतं. फोन उशिरा सापडावा. पण सापडावा.”

इतका नेमका हेतू मला कामाच्या ठिकाणीसुद्धा क्वचित ऐकायला मिळतो. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं, तिची आईही सोबत होती. तिथे ‘तुम्ही’ गळून पडलं.

मी तिला एक प्रयोग करायला सांगितला. सगळ्यांत वर नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर घे, तो करड्या रंगाने भर आणि त्याचा मोड ‘कलर’ कर. रंग निघून जातात आणि उजेड-अंधाराच्या पायऱ्या तेवढ्या उरतात. तिने केलं आणि पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग म्हणाली, “अगं बाई, फोन आणि लुगडं एकच झालं!” अगदी तसंच होतं. रंगात निळा आणि जांभळा वेगळे वाटत होते, पण दोघांचा काळेपणा सारखाच, म्हणून लांबून पाहताना एकच डाग. दुसरी गोष्ट तिची तिलाच दिसली: पाचही पणत्यांना तिने चकाकणारा ब्रश सारख्याच जोराने मारला होता, त्यामुळे चित्रातल्या सगळ्यांत उजळ पाच जागा आजीपासून लांब, उजव्या कोपऱ्यात होत्या. डोळा तिकडेच धावणार.

मी म्हटलं, फोन वेगळ्या लेयरवर घेऊन उजळ कर. ती म्हणाली, “नाही ना होत. लेयर संपले म्हणून सगळे मर्ज केलेत.” एवढ्या मोठ्या आकाराच्या कॅनव्हासवर तिच्या फोनची मेमरी मोजकेच लेयर देत होती. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर शंभर लेयर सहज चालतात. मग जमेल असा मार्ग काढला: मर्ज केलेल्या चित्रावर फक्त दोन नवे लेयर. एक ‘मल्टिप्लाय’चा, म्हणजे खालचे रंग गडद करणारा, त्यात गडद तपकिरी घेऊन चार पणत्या थोड्या मंद करायच्या. दुसरा साधा, त्यात फोनची वरची कड आणि बोटांची आतली बाजू उजळायची.

मी आणखी एक सुचवलं, की आजीच्या मागच्या भिंतीवरही थोडी निळी झाक घेता येईल. तिने नकार दिला. “भिंतीला खालून गेरू आहे मॅडम. त्याच्यावर निळा उजेड दिसतच नाही, मी बघितलंय.” तिचं खरं होतं. गेरू लाल उजेड परत पाठवतो, निळा बराचसा गिळतो. ती सूचना मी तिथल्या तिथे मागे घेतली, आणि मला फार बरं वाटलं, कारण आठवड्यापूर्वी जिने चित्रच उतरवलं होतं ती आता परीक्षकाला नाही म्हणत होती.

स्पर्धेत काय बदललं

गुढीपाडव्याच्या वेळी गटाने पुन्हा स्पर्धा घेतली तेव्हा आम्ही तिघांनी आधी बसून काही गोष्टी ठरवल्या. सगळ्यांत मोठा वाद झाला तो अभिप्राय आणि गुण एकत्र द्यावेत का यावर. मी रूथ बटलर यांचं संशोधन पुढे ठेवलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे गट होते: काहींना नुसता लेखी अभिप्राय, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसता अभिप्राय मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना अभिप्रायाचा तसा फायदा झाला नाही. नजर गुणांवर जाऊन थांबली. साडेपाचच्या आकड्याखाली मी काहीही लिहिलं असतं तरी त्या मुलीने आधी साडेपाचच वाचले असते. सर आधी तयार नव्हते. ‘मुलांना गुण हवेच असतात’ हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नाही. शेवटी ठरलं की अभिप्राय आधी जाईल, निकाल आठ दिवसांनी, आणि आकडा फक्त आमच्यापाशी राहील.

अर्जात दोन रकाने वाढवले: चित्र कशावर काढलं, आणि बघणाऱ्याला काय जाणवावं असं वाटतं. दुसरा रकाना मात्र आम्ही चित्र पाहून पहिली नोंद केल्यावरच उघडतो, नाहीतर आधी वाचलेलंच चित्रात दिसायला लागतं.

लिहिण्याची पद्धत मी लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेकडून घेतली. त्यांनी १९९० साली चार पायऱ्यांची रीत बसवली: आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी आत मत न दडवलेले, निखळ प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यांत शेवटी, तेही कलाकाराची तयारी असेल तर. ती रीत समोरासमोर बसून करायची आहे. साठ जणांना लेखी अभिप्राय देताना सगळ्या पायऱ्या जमत नाहीत. ‘मला हे दिसलं’ आणि ‘मी हे विचारते’ एवढं जमतं, आणि त्याने बरंच साधतं.

त्याच फेरीत वारली पद्धतीचं एक चित्र आलं होतं. ॲनिमेशनवाल्या मित्राने लिहिलं, ‘पर्स्पेक्टिव्ह नाही, मागच्या आकृत्या लहान हव्यात.’ या वेळी मी त्याला थांबवलं. तारप्याच्या नाचात माणसं गोलाकार वेटोळ्यात येतात, जवळ-लांबचा हिशेब तिथे नसतोच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढणाऱ्यांची ती शतकांची समज आहे, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तीच कागदावर आणून जगभर नेली. पण ते चित्र बिनदोष होतं असंही नाही. संगणकावर एक माणूस काढून तो चाळीस वेळा चिकटवला होता, त्यामुळे एकाचंही पाऊल उचललेलं वाटत नव्हतं. मित्राने मग तेच लिहिलं, आणि चित्राच्या मापात बसणारी अडचण तीच होती.

उलट बाजूची चूकही माझीच. एका मुलाच्या अतिशय सफाईदार व्यक्तिचित्राखाली मी पहिल्या स्पर्धेत ‘अप्रतिम! असेच काढत राहा’ लिहिलं होतं. पाडव्याला तो पुन्हा आला आणि अर्जाच्या शेवटी त्याने लिहिलं, “मागच्या वेळी काय अप्रतिम होतं ते कळलं तर बरं होईल.” त्याचं जुनं चित्र काढून मी अर्धा तास पाहत बसले. गालाची कड मागच्या अंधारात त्याने जिथे विरघळू दिली होती, तिथे चित्र श्वास घेत होतं. ओठांची कड मात्र सगळीकडे सारखीच कापल्यासारखी होती. हे त्याला आधीच सांगता आलं असतं. आव्राहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या प्रयोगांचे ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले तेव्हा एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम घसरलेलंच आढळलं होतं. लक्ष कामावरून निघून स्वतःवर जाऊन बसलं की असं होतं, हे त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण. ‘अप्रतिम’ आणि ‘अभ्यास हवा’ या दोन्ही शेऱ्यांना ते लागू पडतं.

त्या चित्राचं पुढे

दिवाळीचा निकाल लागून गेला होता, तो बदलला नाही. तिनेही तसं सुचवलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तिने दुरुस्त केलेलं चित्र पाठवलं. चार पणत्या मंदावल्या होत्या, पाचवी तिने मुद्दाम तशीच ठेवली होती. फोनची फक्त वरची कड, केसाएवढी बारीक, उजळली होती. डाव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला निळा उजेड, आणि हिरव्या काचेच्या एका बांगडीवर त्याचा ठिपका. तो ठिपका मी सुचवलेला नव्हता. चेहऱ्याला तिने हात लावला नव्हता.

खाली एकच ओळ होती. “मॅडम, आता डोळा आधी कुठे जातो?”

मी चित्र पूर्ण आकारात पाहिलं, मग लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं, आणि लिहिलं, “आधी चेहऱ्यावर. मग बांगडीवरून बोटांवर. फोन शेवटी सापडतो.”

“मग झालं,” तिने लिहिलं, आणि चित्र परत आपल्या खात्यावर लावलं.